खोका कंपनीचा, आतला पॅड भलताच

साताऱ्यात पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलून घेणार असाल तर हे आधी वाचा. भरली गाडी घेऊन घाट उतरत असाल तर नक्कीच वाचा. मला कंपनीच्या खोक्यातून बनावट पॅड विकले आणि ‘नवीन’ म्हणून कुणाच्या तरी जुन्या डिस्क लेथवर घासून, रंग मारून बसवल्या.

माझी बोलेरो पिकअप आहे. हंगामात भिलार-पाचगणीची स्ट्रॉबेरी भरून पसरणी घाटाने वाईला उतरायचं, हे ठरलेलं भाडं. पिकअपला पुढे डिस्क, मागे ड्रम. उताराला वजन पुढे येतं आणि गाडी आवरायचं बहुतेक काम पुढच्या चाकांवर पडतं. म्हणून पॅडचं अस्तर, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, ३ मिलिमीटरवर आलं की मी बदलून टाकतो. या वेळी दुकानदार म्हणाला, “मालक, डिस्कपण गेल्यात, कड आलीय बघा.” डिस्क झिजून काठाला उंचवटा राहतो, तीच ही कड, आणि ती खरोखरच आली होती. त्याने सीलबंद खोका समोर फोडला, दोन चकचकीत डिस्क दाखवल्या आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली: पॅड सेट, डिस्क जोडी, मजुरी. पार्ट नंबर कुठेच नाही. जुन्या डिस्क त्याने ठेवून घेतल्या.

पुढे पसरणीच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये असूनही ब्रेकला गाडी दाद देईना. पेडल दगडासारखं घट्ट, पण वेग कमीच होत नव्हता. पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी कडेला घेतली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर बहुधा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की तो आकडा बराच खाली येतो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. पेडल घट्ट आणि गाडी थांबत नाही, तेव्हा मात्र तापलेल्या पॅडने पकड सोडलेली असते. दुकानदार फोनवर म्हणाला, “नवीन पॅड आहेत, बसायला वेळ लागतो, वास येणारच.” नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर बसत जातात आणि थोडा वास येतो, हे खरं आहे. त्या खऱ्याच्या आडूनच ही फसवणूक खपते.

वाईत चाकं उघडली. एका पॅडचं अस्तर कोपऱ्यातून मागच्या पत्र्यापासून सुटलं होतं आणि तो पत्रा डिस्कवर घासत होता. पॅडच्या कडेला अक्षरं नव्हती. माझ्या जुन्या पॅडवर ‘एफएफ’ होतं. यातलं पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५.

डिस्क पाहून लेथवाले काका म्हणाले, “अहो, ही नवी कुठली? टर्निंग केलेली आहे.” डिस्कवर किमान जाडीचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. इथे तो ग्राइंडरने उडवून वर चंदेरी रंग दिला होता. कड नाही म्हणजे डिस्क नवी, असं अजिबात समजू नका. घासली की कडही जाते. पातळ डिस्क उष्णता कमी सामावते, लवकर तापते, तडकते. व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी जाडी मोजायला लावा, तीही बसवण्याआधी. आकडाच नसेल तर डिस्क घेऊ नका.

दुकानदाराने शेवटी हात वर केले: “माल आमचा नाहीच, दुसरीकडे बसवला असेल.” चिठ्ठीवर पार्ट नंबर नसल्यामुळे त्याला हे बोलता आलं. गाडीत माझ्याशेजारी हमाल बसलेला असतो. त्याचा जीव या चिठ्ठीच्या भरवशावर घाट उतरतो, याचा मला अजून संताप येतो.

पक्कं जीएसटी बिल मागा आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. जुने पॅड, जुन्या डिस्क परत घ्या. रिकामा खोका दुकानात सोडू नका. चांगल्या खोक्यातच बनावट माल पुन्हा भरला जातो. मी खोका घरी आणून फाडतो.

मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. सातारा, वाई, कराड भागात कुणाला असाच माल मिळाला असेल तर तो भंगारात घालू नका. फोटो काढा, लेथवाल्याकडून जाडी लिहून घ्या आणि तक्रार करा.