‘निकाल १०० टक्के’ या फलकामागचा आकडा: यू-डायस प्लसच्या शाळा-माहिती सेवेचं परीक्षण

जून उजाडला की नाशकात गंगापूर रोड असो वा नाशिकरोड, शाळांच्या फाटकांवर एकच मजकूर झळकतो: ‘दहावीचा निकाल १०० टक्के’. परीक्षेला बसले किती आणि आदल्या वर्षी नववीत होते किती, हे मात्र फलकावर येत नाही. ते शोधायची जागा म्हणजे केंद्र सरकारच्या यू-डायस प्लसचं (देशभरातल्या शाळांची माहिती दरवर्षी गोळा करणारी प्रणाली) ‘नो युअर स्कूल’ हे संकेतस्थळ. पैसे लागत नाहीत, लॉगिनही नाही. आठवी-नववीला शाळा बदलू पाहणाऱ्या पालकांना ते किती कामाचं आहे, ते इथे पाहू.

शोधताना शाळेच्या नावाच्या नादी लागू नका. नावं इंग्रजीत आणि तोडून-मोडून भरलेली असतात. ‘विद्यालय’चं स्पेलिंग दर शाळेगणिक वेगळं. त्यापेक्षा पिनकोड टाका: पंचवटी ४२२००३, सातपूर ४२२००७, नाशिकरोड ४२२१०१. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक हाताशी असेल तर सगळ्यात उत्तम. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो सापडतो. पहिले दोन अंक राज्याचे (२७), पुढचे दोन जिल्ह्याचे (२०). म्हणजे २७२० ने सुरू न होणारी शाळा नाशिक जिल्ह्यातली नव्हेच. एका आवारातल्या प्राथमिक आणि माध्यमिकचे क्रमांक बऱ्याचदा वेगळे असतात, म्हणून पान उघडल्यावर आधी इयत्ता कुठून कुठपर्यंत आहेत ते बघा.

व्यवस्थापनाच्या गाळणीत फक्त ‘सरकारी’ निवडलं तर शहरात हायस्कुलं जेमतेम निघतात. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला थांबतात. पुढचं शिक्षण मुख्यतः संस्थांच्या अनुदानित शाळांत होतं, तिथे पगार सरकारचा आणि कारभार संस्थेचा. तेव्हा ‘खासगी अनुदानित’ हाही पर्याय घ्या. सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असतात, हेही ध्यानात ठेवा.

आता मुख्य काम. शाळेच्या अहवालात इयत्तेनुसार मुलं-मुलींची संख्या मिळते आणि वरती शैक्षणिक वर्ष बदलता येतं. हे आकडे तिरके वाचायचे: २०२३-२४ ची नववी आणि २०२४-२५ ची दहावी. समजा नववीत १२० होते, दहावीत ९८ उरले आणि ९८ च्या ९८ पास झाले. फलक १०० टक्क्यांचा, पण नववीच्या पटावर हिशेब केला तर ८१.७ टक्केच. मधले २२ कुठे गेले? काहींनी गाव बदललं असेल, काही नववीतच राहिले असतील (पुढच्या वर्षीचा ‘रिपीटर’चा आकडा पाहा), काहींची शाळाच सुटली असेल. आणि काहींना ‘सतरा नंबर भरा’ असा सल्ला मिळाला असेल. सतरा नंबरचा अर्ज भरणारा विद्यार्थी राज्याच्या परीक्षा मंडळाकडे खासगी म्हणून मोजला जातो, शाळेच्या नियमित निकालात तो दिसतच नाही. फक्त तुकडी लहान असेल तर टक्केवारीने घाबरू नका. २५ मुलांच्या वर्गात एक पोरगं म्हणजे ४ टक्के.

मुलींचा रकाना वेगळा काढून तोच तिरका हिशेब करा. आठवी ते दहावी मुली मुलांपेक्षा जास्त गळत असतील तर कारण बहुधा अभ्यासात नसतं. शाळेचं अंतर, एसटीची वेळ, घरकाम असं काहीतरी असतं. वयाचा तक्ता बहुतेक जण पाहतच नाहीत. नववीत १७ च्या वरची मुलं बरीच असतील तर मध्ये वर्षं वाया गेली आहेत एवढं नक्की.

सामाजिक प्रवर्गाचे रकाने खुला, एससी, एसटी, ओबीसी एवढेच. भटक्या-विमुक्तांना स्वतंत्र रकाना नाही. सिन्नर, येवला, नांदगावकडे वंजारी समाज मोठा; तिथल्या शाळेचं चित्र या चार खणांत नीट बसत नाही. ही या सेवेची खरी उणीव. दुसरी अशी की हा पट आहे, हजेरी नव्हे. सुरगाणा-पेठची कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. पटावरची मुलं तेव्हा वर्गात असतातच असं नाही, आणि हे पोर्टल ते सांगू शकत नाही. भौतिक सुविधांची पानं तर वरवर चाळली तरी पुरे. आकडे शाळाच भरते, तेव्हा प्रयोगशाळेपुढचं ‘होय’ प्रत्यक्ष जाऊनच तपासावं.

निकाल मात्र इथे नाहीतच, तो कारभार मंडळाचा. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के, कोकणचा ९८.८२ आणि नाशिक विभागाचा (नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार) ९३.०४. म्हणजे शाळेने ९३ सांगितले तर ती विभागाच्या सरासरीला आहे, फार पुढे नाही. पासची टक्केवारी किती फसवी असते ते २०१९ ने दाखवलं: भाषांचे अंतर्गत २० गुण काढले त्या वर्षी निकाल ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, भूगोलाचा पेपरही कोविडमुळे रद्द झाला, आणि निकाल ९५.३० वर गेला. पोरं तशीच, गणित बदललं. अंतर्गतचे २० पैकी २० पडले तर पास व्हायला लेखीत ८० पैकी १५ पुरतात. म्हणून शाळेला पासचा आकडा विचारूच नका. विशेष प्रावीण्य (७५ च्या वर), प्रथम श्रेणी (६० च्या वर) आणि द्वितीय श्रेणी (४५ च्या वर) यांत किती, आणि गणितात ३५ ते ४० च्या मध्ये किती अडकले, हे विचारा. शेकडा काढताना सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतात आणि खेळ-चित्रकलेचे वाढीव गुणही मिळतात, तेव्हा नव्वदीपारच्या यादीला फार भुलायचं कारण नाही.

शाळेत जाताना पोर्टलवरच्या तीन वर्षांच्या अहवालांची छापील प्रत सोबत न्या. आकडे समोर असले की मुख्याध्यापकांशी बोलणं मुद्द्यावर येतं. दोनच गोष्टी मागा: मंडळाकडून शाळेला आलेला एकत्रित निकाल, आणि नववीनंतर दहावीआधी दिलेल्या दाखल्यांची संख्या. अनुदानित शाळा टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, शाळेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची. मुलांची नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत, संख्या पुरते.