थकलेल्या बिलांसाठी ‘एमएसएमई समाधान’: कायदा भक्कम, वाट लांब

केंद्र सरकारचे ‘एमएसएमई समाधान’ हे संकेतस्थळ ३० ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे. बिल थकवणाऱ्या खरेदीदाराविरुद्ध लहान उद्योजकाला वकील न लावता, कोर्टाच्या पायऱ्या न चढता दावा दाखल करता यावा, ही त्यामागची कल्पना आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान युनिटांचे हिशेब आणि वसुलीची कागदपत्रे सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या सेवेशी माझा संबंध वारंवार येतो, आणि ‘तिथे तक्रार करून काही उपयोग होतो का?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नवा अशील विचारतो. उपयोग होतो, पण जिथे होईल असे लोकांना वाटते तिथे तो होत नाही.

ही सेवा ज्या कायद्यावर उभी आहे तो, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६, लहान पुरवठादाराच्या बाजूने इतका झुकलेला आहे की प्रथमच वाचणाऱ्याला त्यावर विश्वास बसत नाही. खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि करारच नसेल तर ती अवघी १५ दिवसांची असते. म्हणजे परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पेमेंट ९० दिवसांनी’ असे छापलेले असले, तरी या कायद्यापुढे त्या ओळीला किंमत नाही. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते आणि ते दरमहा चक्रवाढ पद्धतीने मोजले जाते. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक दर ६.७५ टक्के होता. त्याच्या तिप्पट म्हणजे २०.२५ टक्के. या दराने एक लाखाच्या बिलावर वर्षभरात साधारण २२,२०० रुपये व्याज चढते. रेपो दर आणि बँक दर यांत गल्लत करून दाव्यात चुकीचा आकडा घालणारे बरेच भेटतात. आकडा बँक दराचाच हवा, आणि तो रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनेतून घ्यावा.

अर्ज भरण्याची प्रक्रिया सोपी आहे, हे मान्य करायला हवे. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी) क्रमांक टाकला की पुरवठादाराची माहिती आपोआप येते. त्यानंतर खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तो खासगी कंपनी आहे, मालकी व्यवसाय आहे की सरकारी उपक्रम आहे हे नोंदवायचे, बिलांचा तपशील भरायचा, परचेस ऑर्डर आणि बिलांच्या प्रती जोडायच्या. अर्ज संबंधित सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे वाद मिटवण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या मंडळाकडे, जातो आणि खरेदीदारालाही त्याची सूचना मिळते. कागद हाताशी असतील तर एका बैठकीत हे काम उरकते.

सगळा प्रश्न या ‘हाताशी असतील तर’ मध्ये अडकलेला आहे. जॉब वर्क करणाऱ्या युनिटांमध्ये ऑर्डर फोनवर येते, कच्चा माल खरेदीदाराच्याच टेम्पोतून उतरतो, तयार माल डिलिव्हरी चलनावर परत जातो आणि चलनाच्या ऑफिस कॉपीवर गेटवरच्या माणसाची वाचता न येणारी सही असते. पैसे मागेपर्यंत यातले काहीही कोणाला खटकत नाही. नोटीस गेली की मात्र आठ महिन्यांपूर्वीच्या मालात खोट निघते, ‘रिजेक्शन’च्या नावाने जुन्या तारखेची डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याचा कागद, उगवते आणि अकाउंट्स विभाग सांगतो की आमच्या खात्यात तुमचे येणे दिसतच नाही. कायद्यात या चालीवर चोख उत्तर आहे: माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नसेल तर माल स्वीकारला असे मानले जाते. परंतु हे उत्तर वापरायचे तर माल कोणत्या तारखेला पोहोचला ते सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी खरेदीदाराच्या स्टोअरचा शिक्का असलेले चलन किंवा माल मिळाल्याची पावती, म्हणजे जीआरएन, लागते. संकेतस्थळ तुमच्याकडून बिलाची प्रत मागते. पण दाव्याचा कणा चलन आहे, हे ते तुम्हाला सांगत नाही. माझ्या दृष्टीने ही या सेवेतील सर्वांत मोठी उणीव आहे, कारण अर्ज सहज दाखल झाल्यामुळे पुरवठादाराला दावाही तितकाच भक्कम आहे असे वाटू लागते.

त्याच जोडीला दर ३१ मार्चनंतर खरेदीदाराकडून खातेउताऱ्यावर सही-शिक्का घेण्याची जुनी पद्धत कोणी सोडू नये. मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर स्वतःच अशी शिल्लक-पुष्टी मागवतात, त्यामुळे ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. दावा करण्याची तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी येणे मान्य केल्याचा सही केलेला कागद मिळाला, तर मुदतीची मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. आणि नंतर उगवणाऱ्या डेबिट नोटेची हवा तेवढ्यानेच निघून जाते.

आता उपयोग कुठे होतो ते सांगतो. माझ्या पाहण्यात ज्या अर्जांतून पैसे आले, त्यांतील बहुतेक सुनावणीपर्यंत पोहोचलेच नाहीत. सूचना हाती पडल्यावर महिनोन्‌महिने फोन न उचलणाऱ्या कंपनीकडून ‘बसून बोलू’ असा निरोप येतो. याचे कारण भीती किंवा सद्‌बुद्धी नसून हिशेब हे आहे. या कायद्याखाली द्यावे लागणारे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. लहान पुरवठादारांची थकीत रक्कम त्याला आपल्या वार्षिक हिशेबपत्रकात वेगळी दाखवावी लागते. कंपनी असेल तर ४५ दिवसांपलीकडच्या थकबाकीचे सहामाही विवरण कंपनी निबंधकाकडे भरावे लागते. आणि बिलाची तारीख उलटून १८० दिवस झाले असतील तर त्या बिलावर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह परत करावी लागते. पुरवठादाराने मात्र तो जीएसटी पुढच्याच महिन्यात स्वतःच्या खिशातून भरलेला असतो. हे सारे मुद्दे खरेदीदाराच्या वित्त विभागाला ठाऊक असतात. आपल्या पुरवठादारालाही ते ठाऊक झाले आहेत, एवढे अर्जामुळे त्यांना कळते. तडजोड बहुधा एकाच साच्यात होते: मूळ रक्कम पूर्ण, व्याज माफ. तत्त्व म्हणून ती मला पटत नाही. परंतु ज्याच्या कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा संपत आली आहे त्याने ती नाकारावी, असा सल्ला मी देत नाही.

तडजोड झाली नाही तर मात्र वाट लांब होते. परिषद आधी सलोख्याचा प्रयत्न करते, तो फसला तर स्वतः लवाद म्हणून बसते किंवा प्रकरण एखाद्या लवाद संस्थेकडे पाठवते, आणि हे सर्व अर्ज आल्यापासून ९० दिवसांत संपवावे असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ९० दिवसांत निवाडा हातात येईल असे गृहीत धरून कोणीही कर्जाच्या हप्त्याचे नियोजन करू नये. परिषदेचे अध्यक्षपद उद्योग विभागाच्या अधिकाऱ्याकडे असते, आणि त्याच्या टेबलावर विभागाचे इतर कामही असतेच. तीन ते पाच सदस्यांच्या मंडळाने राज्याच्या औद्योगिक पट्ट्यातून येणारे अर्ज वेळेत संपवावेत, ही अपेक्षा कायदा करतानाच अवास्तव होती. संकेतस्थळावरच्या आकडेवारीत ‘परिषदेने अद्याप न पाहिलेले अर्ज’ असा एक स्वतंत्र रकाना आहे. सरकारने तो लपवला नाही, याचे श्रेय द्यायला हरकत नाही. पण असा रकाना ठेवावा लागतो, यातच बरेच काही आले.

निवाडा पुरवठादाराच्या बाजूने लागला तर खरेदीदाराला त्याविरुद्ध न्यायालयात जाण्यापूर्वी निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि या सेवेकडे वळण्याचे माझ्या मते सर्वांत सबळ कारण हेच आहे. साध्या दिवाणी दाव्यात असे संरक्षण आपोआप मिळत नाही. ही अट टाळण्यासाठी काही खरेदीदार थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट मान्य केली नव्हती, परंतु जानेवारी २०२५ मध्ये हाच प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. शिवाय खरेदीदाराने आव्हानही दिले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर निवाड्याची अंमलबजावणी करण्यासाठी न्यायालयात दरखास्त दाखल करावी लागते, त्याच्या मालमत्तेचा आणि बँक खात्यांचा तपशील शोधावा लागतो, आणि या टप्प्यावर वकिलाशिवाय चालत नाही. संकेतस्थळाचे काम तोवर संपलेले असते.

या सेवेच्या दारातून कोणाला आत घेतले जात नाही, हेही आधीच पाहून घ्यावे. विलंबित देयकांचे संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. मध्यम उद्योगांचा उल्लेख कायद्याच्या नावात असला तरी या तरतुदीत त्यांना स्थान नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी वाढल्यामुळे अनेक युनिटे पुन्हा आत आली आहेत, ही चांगली गोष्ट. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकबाकीच्या दाव्याला ती उपयोगी पडत नाही. बांधकाम किंवा उभारणीच्या कंत्राटांबाबत मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका पुरवठादारांना प्रतिकूल राहिली आहे. आणि व्यवहार झाल्यानंतर घाईघाईने नोंदणी करून जुन्या बिलांवर दावा सांगणाऱ्यांना न्यायालयांनी बहुतेकदा साथ दिलेली नाही. नोंदणी विनाशुल्क आहे, ती आजच करावी.

एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी आहे, त्याच्याविरुद्ध इथे कोणी तक्रार करत नाही. एखाद्या युनिटचे साठ-सत्तर टक्के काम एकाच कंपनीचे असेल, तर कायद्याने दिलेले चक्रवाढ व्याज कागदावरच राहते, कारण तक्रारीनंतर येणारे नुकसान त्या व्याजापेक्षा मोठे असते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातील कलम ४३ब मध्ये भर घालून, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळेल असे ठरवले, तेव्हा काही खरेदीदारांनी पुरवठादारांना वेळेवर पैसे देण्याऐवजी उद्यम नोंदणीच रद्द करायला सांगितले. दुबळ्या बाजूला दिलेले हत्यार तिच्यावरच कसे उलटवले जाते, ते त्यातून दिसले. चालू असलेल्या मोठ्या ग्राहकासाठी ‘ट्रेड्स’ ही रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली व्यवस्था अधिक योग्य आहे: खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, पुरवठादाराला थोडे वटाव कापून लगेच पैसे मिळतात आणि पुढे खरेदीदार चुकला तर तो भार पुरवठादारावर येत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणे आता सक्तीचे आहे. पण नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल मान्य करण्याची सक्ती नाही, त्यामुळे ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याच्यापुढे ट्रेड्सचाही इलाज चालत नाही.

इतर मार्गांशी तुलना केली तर समाधानची बाजू अजूनही उजवी ठरते. दिवाळखोरी संहितेखाली अर्ज करण्याची किमान थकबाकी मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटीवर नेल्यामुळे तो धाक लहान पुरवठादाराच्या हातून गेला. खरेदीदाराने दिलेला चेक वटला नसेल तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी, आणि त्या बाबतीत परिषदेची वाट पाहत बसू नये. चेक नसेल, रक्कम दोन-चार लाखांची असेल, चलने शिक्क्यांसह जपलेली असतील आणि ग्राहक तसाही तुटलेला असेल, तर अर्ज जरूर करावा. जून २०२५ मध्ये केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने ऑनलाईन वाद निवारणाचे स्वतंत्र संकेतस्थळही सुरू केले आहे, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी तो कोणत्या संकेतस्थळावर घेतला जात आहे हे तपासावे. परिषदेपुढील लवादालाही मुदतीचा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. तेव्हा जुन्या बिलांचा गठ्ठा घेऊन येणाऱ्याने सर्वांत आधी त्यांतल्या सर्वांत जुन्या बिलाची तारीख पाहावी.