कुत्र्याला फिट येते: फिनोबार्बिटोन, लेव्हेटिरासिटम की ब्रोमाइड?

सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट आल्या, २४ तासांत एकापेक्षा जास्त आल्या, किंवा एखादी पाच मिनिटांहून लांबली, तर रोजचं औषध सुरू करायलाच हवं. वर्षातून एखादीच छोटी फिट येत असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवत आणि मोबाइलवर व्हिडिओ काढत वाट पाहता येते. औषध ठरलं की बहुतेक घरांतून एकच मागणी होते: "कमी साइड इफेक्टवालं द्या." हा निकष अपुरा आहे. कुत्र्याचं लिव्हर कसं आहे, किडनी कशी आहे आणि घरात कोण किती वाजता हजर असतं, यावर निवड करायला हवी.

त्याआधी कारण तपासून घ्या. पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली, मधल्या काळात कुत्रा पूर्ण नॉर्मल आहे आणि रक्त-लघवीचे रिपोर्ट ठीक आहेत, तर बहुधा इडिओपॅथिक एपिलेप्सी, म्हणजे दुसरं कारण न सापडणारा अपस्मार. लसी अर्धवट राहिलेल्या पिल्लाला ताप, डोळ्या-नाकातून घाण आणि च्युइंग गम चघळल्यासारखा हलणारा जबडा दिसला, तर आधी डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा विचार व्हायला हवा. गोचिडांसाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी देत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आयसोक्साझोलिन गटातल्या या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना फिट येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. फिट येणाऱ्या कुत्र्यासाठी दुसरा उपाय मागून घ्यावा.

फिनोबार्बिटोन (गार्डिनल)

लिव्हर धड असलेल्या बहुतेक कुत्र्यांसाठी पहिली पसंती हीच असावी. सुरुवातीचा डोस किलोमागे २.५ ते ३ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ६० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, एक रात्री. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा महिने चाललेल्या तुलनेत फिनोबार्बिटोनवरच्या ८५ टक्के कुत्र्यांच्या फिट पूर्ण थांबल्या, तर ब्रोमाइडवरच्या ५२ टक्के. शिवाय गोळी स्वस्त आहे, आणि आयुष्यभर द्यायच्या औषधात हा मुद्दा छोटा नाही.

पहिले एक-दोन आठवडे कुत्रा झोपाळू होतो आणि मागचे पाय लटपटतात. यालाच घाबरून गोळी बंद केली जाते, आणि नेमकं तेच धोक्याचं आहे. हे औषध अचानक तोडलं तर आधीपेक्षा जोरदार फिट येतात. सुस्ती बहुधा आपोआप उतरते. भूक, तहान आणि लघवी मात्र वाढलेलीच राहते. बिस्किटांऐवजी काकडी, गाजर, उकडलेला दुधी द्या. वजन वाढलं की त्याच गोळीचा किलोमागचा डोस कमी पडू लागतो.

रक्तातली पातळी दोन आठवड्यांनी, मग दीड महिन्याने आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासायची. माणसांच्या मोठ्या लॅबमध्येही ही टेस्ट होते, पण रक्त जेल नसलेल्या साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्यायला सांगा. जेल औषध शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी येतो. २५ ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही चांगली जागा. ३५ च्या वर लिव्हरचा धोका वाढत जातो. रिपोर्टमध्ये एएलपी हे लिव्हरचं एन्झाइम वाढलेलं दिसेलच. हे औषध ते एन्झाइम वाढवतंच, तेवढ्यावरून लिव्हर बिघडलं असं होत नाही. अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) घसरणं, बाइल ॲसिड (पित्तातली आम्लं) वाढणं, डोळे पिवळे होणं या खऱ्या खुणा. पहिल्या काही महिन्यांत ताप, हिरड्या पांढऱ्या पडणं किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करा. क्वचित हे औषध रक्तपेशी घटवतं.

लेव्हेटिरासिटम

लिव्हरवर याचा भार जवळपास पडत नाही, सुस्ती कमी येते, परिणाम पहिल्याच दिवसापासून सुरू होतो. लिव्हरचा आजार असलेल्या कुत्र्यासाठी हेच घ्यावं. हे किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो.

अडचण वेळेची आहे. साधी गोळी तीन-चार तासांत अर्धी उतरते, म्हणून किलोमागे २० मिलिग्रॅम दर आठ तासांनी: सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११. दोघंही नोकरीला जात असतील तर दुपारचा डोस हमखास चुकतो, आणि या औषधात चुकलेला डोस लगेच जाणवतो. एक्सटेंडेड रिलीज (हळूहळू औषध सोडणारी) गोळी किलोमागे ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालते, पण ती मोडायची, कुटायची नाही. ५०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी साधारण १५ किलोखालच्या कुत्र्याला जास्त होते. सिरप वापरणार असाल तर लेबल वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर ती बाटली कुत्र्यासाठी विष आहे. फिनोबार्बिटोनसोबत दिलं तर हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, डोस वाढवावा लागतो. एकट्याने वापरल्यावर ते फिनोबार्बिटोनइतकं भरवशाचं ठरलेलं नाही.

पोटॅशियम ब्रोमाइड

लिव्हर याला हातच लावत नाही. फिनोबार्बिटोनने पुरेसा ताबा येत नसेल तर जोडीला हे चांगलं, किलोमागे दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम, जेवणासोबत. उपाशीपोटी दिलं तर उलटी होते. पातळी स्थिर व्हायला तीन महिने लागतात, म्हणून "पंधरा दिवस झाले, फरक नाही" ही तक्रार इथे गैरलागू. गंमत मिठाची आहे: किडनी क्लोराइड आणि ब्रोमाइड एकाच वाटेने हाताळते. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे वाहून जातं आणि फिट परततात. मीठ एकदम घटलं की औषध साठतं आणि कुत्रा पिऊन झिंगल्यासारखा चालतो. कोकणात सुट्टीला जाऊन चार दिवस सुकट-बोंबील खाल्ले, दिवाळीत फरसाण-पापड मिळाले, की महिन्यांची बसलेली घडी विस्कटते. खाणं रोज एकसारखं ठेवता येत नसेल, किंवा कुत्र्याला आधी पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह) झाला असेल, तर हे औषध टाळलेलं बरं. घरात मांजर असेल तर डबा वेगळा ठेवा. मांजरांना ब्रोमाइडने फुप्फुसाचा गंभीर त्रास होतो.

झोनिसामाइड हा पुढचा पर्याय, सल्फाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला नको. युरोपात राहणाऱ्यांना इमेपिटॉइनही मिळेल. लिव्हरला सौम्य आहे, पण एकापाठोपाठ फिट येणाऱ्या कुत्र्यांसाठी त्यावर विसंबू नये.

कोणत्याही औषधाचा डोस चुकला तर आठवताच द्या आणि पुढचा ठरल्या वेळी. दोन एकदम नाही, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय. घरात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवी चिठ्ठी घ्या. गार्डिनल प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं.

फिट चालू असताना

कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कुत्रा जीभ गिळत नाही, पण चावतो. जिना आणि फर्निचरपासून दूर सरकवा, पंखा लावा, घड्याळ पाहा. पाच मिनिटं व्हायची वाट न पाहता द्यायचं औषध आधीच लिहून घेतलेलं असावं. इथे दोन पर्याय आहेत. गुदद्वारातून डायझेपाम, किलोमागे १ मिलिग्रॅम, फिनोबार्बिटोन चालू असेल तर २. किंवा नाकात मिडाझोलाम, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. २०१७ च्या एका चाचणीत मिडाझोलामने ७० टक्के कुत्र्यांची फिट थांबली, डायझेपामने २० टक्के. त्यामुळे मिडाझोलाम. प्रत्येक फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम देणारा स्प्रे असेल तर २० किलोच्या कुत्र्याला आठ फवारे लागतात. हा आकडा डॉक्टरांकडून तपासून बाटलीवरच चिकटवा. डायझेपाम वापरणार असाल तर ते प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून ठेवू नका. ते प्लास्टिकला चिकटतं आणि वेळेला कमी पडतं.

औषध देऊनही फिट थांबली नाही, किंवा २४ तासांत तिसरी आली, तर थेट दवाखाना गाठा. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते सोबत न्या.