धावण्याचे ब्लेड आणि त्यावरचे सॉकेट : वर्षभराच्या वापरानंतर

डावा पाय गुडघ्याखाली गमावल्यानंतर नऊ वर्षे मी जयपूर फूटवर वावरलो आणि गेल्या वर्षी केवळ धावण्यासाठी म्हणून कार्बन फायबरचे ब्लेड घेतले. ब्लेड परदेशी बनावटीचे आहे, तर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते कवच, एका स्थानिक कार्यशाळेत करून घेतले. हा अभिप्राय दोन्हींविषयी आहे, कारण खरेदीच्या वेळी सगळी चर्चा ब्लेडची होते आणि पळताना सगळा त्रास सॉकेटचा होतो.

ब्लेडविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. भार पडताच वाकणारी आणि पाऊल उचलताना साठलेली ऊर्जा परत देणारी ही पट्टी किती कडक असावी, हे वापरणाऱ्याचे वजन आणि पळण्याचा प्रकार पाहून ठरवावे लागते. टी ६४ या गुडघ्याखाली पाय गमावलेल्यांच्या पॅरा-ॲथलेटिक्स गटात शंभर मीटर पळणाऱ्याचे ब्लेड आणि माझ्यासारख्या एकवीस किलोमीटरवाल्याचे ब्लेड एक नव्हे. तिला टाच नसल्यामुळे शर्यतीच्या आरंभरेषेवर स्वस्थ उभे राहता येत नाही, जागच्या जागी पावले हलवत राहावे लागते आणि आजूबाजूचे धावपटू त्याला उत्साह समजतात.

सॉकेटची कथा निराळी आहे. साचा सकाळी घेतला गेला. पण स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाचा, आकार दिवसभरात आणि पळतानाही कमी होत जातो, त्यामुळे सातव्या किलोमीटरनंतर तो आत खाली सरकून हाडाच्या टोकावर भार येऊ लागला. स्टंपवर जादा मोजा चढवल्यावर ते थांबले. पावसाळ्यातील दमट हवेत मात्र स्टंपवर चढवायच्या सिलिकॉनच्या लायनरमध्ये, म्हणजे आतल्या आवरणात, इतका घाम साचतो, की वाटेत बसून लायनर काढणे, पुसणे आणि पुन्हा चढवणे याला पर्याय उरत नाही. कार्यशाळेने तीनदा विनाशुल्क दुरुस्ती केली, परंतु प्रत्येक वेळी मला दोन समांतर दांड्यांमध्ये चालवूनच पाहिले. चौथ्या खेपेस तंत्रज्ञ माझ्या आग्रहाखातर मैदानावर आले, दोन फेऱ्या पाहून त्यांनी जोडणीचा कोन किंचित बदलला आणि चार महिन्यांची गुडघेदुखी त्या आठवड्यात थांबली.

सिंहगडाच्या पायवाटेसाठी हे ब्लेड घेऊ नये. सुट्या दगडांवर त्याचे अरुंद टोक ठरत नाही आणि उतारावर टाचेवर जोर देऊन थांबण्याची सोय नाही. तेथे मी आजही जयपूर फूटच घालतो. १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेले ते रबरी पाऊल उकिडवे बसण्यासाठी आणि उंचसखल जमिनीवर अनवाणी चालण्यासाठीच केलेले आहे, आणि खडकावर ते हव्या त्या बाजूला वाकते.

ब्लेडला पाचपैकी साडेचार तारे. सॉकेटला तीन, आणि त्यातला एक केवळ मैदानावर आलेल्या त्या तंत्रज्ञांसाठी.