फिटडिस्ट्रप्लस: काम चोख, एरर मात्र मुकी

आर या संख्याशास्त्राच्या भाषेत डेटाला गॅमा, वायबुल, लॉगनॉर्मल अशी संभाव्यता वितरणं बसवून (म्हणजे फिट करून) बघायची तर फिटडिस्ट्रप्लस (fitdistrplus) हे पॅकेज घ्यावं. फिट तपासायचे चारही आलेख (घनता, क्यू-क्यू, संचयी, पी-पी) एका प्लॉट कमांडमध्ये मिळतात. त्यातला क्यू-क्यू, म्हणजे डेटाचे आणि वितरणाचे क्वांटाइल समोरासमोर मांडणारा, आधी बघा. शेपटीकडचे बिंदू रेषा सोडून पळाले तर आकडे कितीही गोड दिसोत, फिट कच्चंच.

खटकतं ते 'एरर कोड 100'. एमएलई (डेटाला सर्वांत जुळणारे पॅरामीटर शोधायची पद्धत) फसलं एवढंच त्यातून कळतं, का ते नाही. बहुतेकदा घोळ मापाचा असतो. रकमा लाखांत असल्या की गॅमाच्या शेप आणि रेट या दोन पॅरामीटरपैकी रेट शून्याला चिकटतो, आणि ऑप्टिमायझर शोधता शोधता ऋण बाजूला घसरतो. डेटाला 1000 ने भागा, किंवा फिटच्या कमांडमधल्या लोअर (lower) या पर्यायात दोन्ही पॅरामीटरना 0 ची मर्यादा घाला. भागलं असेल तर आलेला रेट पुन्हा 1000 ने भागायचा. शेप तोच राहतो. मापाबरोबर एआयसी (वेगवेगळ्या फिटची तुलना करायचा आकडा, कमी तितका बरा) हाही बदलतो, तेव्हा तुलना एकाच मापावर करा.

रोजच्या पावसाच्या नोंदींत कोरड्या दिवसांची शून्यं असतात, त्यावर लॉगनॉर्मल अडतं. शून्याच्या जागी 0.001 टाकणं ही चक्क फसवणूक! कोरड्या दिवसांचं प्रमाण वेगळं काढा, फिट फक्त ओल्या दिवसांवर करा.

गम्बेल हे वितरण तयार मिळत नाही. त्याची घनता, संचयी आणि क्वांटाइल फंक्शनं स्वतः लिहून स्टार्टही (पॅरामीटरच्या सुरुवातीच्या किमती) द्यावा लागतो. आणि अख्खी डेटाफ्रेम देऊ नका, डॉलरचं चिन्ह लावून एकच स्तंभ द्या.