७००सी की ६५०बी? इंदूरच्या कच्च्या वाटांसाठी चाक आणि टायर निवडताना

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, ग्रॅव्हल सायकल ठरली. पण दुकानदार विचारतोय, चाकं सातशेची देऊ की साडेसहाशेची? काय सांगू?" (ग्रॅव्हल सायकल म्हणजे रोड सायकलसारखीच, पण खडी-मुरमाच्या वाटांसाठी जाड टायरची.) तिची उंची पाच फूट एक इंच, नोकरी सुपर कॉरिडॉरला आणि हौस रविवारी पोह्यांच्या आधी साठ-सत्तर किलोमीटर मारायची. माझ्याकडे दोन्ही मापांची चाकं आहेत, एकाच सायकलला आलटून-पालटून लावतो, म्हणून या प्रश्नाला घरात मीच सापडतो. फोनवर गडबडीत काहीतरी सांगून मोकळा झालो. खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

आधी मापं उरकून टाकू. ७००सी म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. एमटीबीवाले, म्हणजे डोंगरी सायकलवाले, यालाच २९ इंची म्हणतात. ६५०बी म्हणजे ५८४ मिलिमीटर, एमटीबीच्या भाषेत साडेसत्तावीस. ७०० आणि ६५० हे आकडे जुन्या फ्रेंच पद्धतीतले. आकडा टायरसकट चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा आणि अक्षर टायरच्या जाडीचं असा मूळ हिशोब होता. आज त्याचा प्रत्यक्ष मापाशी फारसा संबंध उरलेला नाही, तेव्हा नावात अडकू नका. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ४०-६२२ किंवा ४७-५८४ असं छापलेलं असतं, तेच खरं.

आता ७००सीवर ४० मिमीचा टायर चढवा. बाहेरचा व्यास होतो साधारण ७०२ मिमी. ६५०बीवर ४७ चा चढवा, होतो ६७८. गंमत म्हणजे रोड सायकलच्या ७०० गुणिले २८ च्या चाकाचाही व्यास तेवढाच, ६७८. ६५०बीची सगळी युक्ती यात आहे: रिम लहान, टायर जाड, आणि चाक शेवटी रोड सायकलएवढंच. फ्रेंच लांब पल्ल्याचे सायकलस्वार गेल्या शतकाच्या मध्यात हेच माप वापरायचे. ग्रॅव्हलमध्ये ते २०१६ च्या सुमाराला डब्ल्यूटीबी या टायर कंपनीच्या ४७ मिमी टायरमुळे परत आलं. तेव्हाच्या फ्रेमींमध्ये ७००सीचा ४० च्या वरचा टायर मावायचा नाही, म्हणून जाड टायर हवा असेल तर रिम लहान करा, असा तो तोडगा होता. आता बऱ्याच ग्रॅव्हल फ्रेमी ७००सीवरच ४५, काही तर ५० मिमीपर्यंत जागा देतात, म्हणून तोडग्याची गरजच कमी झाली. नव्या सायकलींत ६५०बी कमी दिसतं त्याचं मोठं कारण हे. ते वाईट होतं म्हणून ते मागे पडलं, असं नाही.

एवढं झाल्यावर रस्त्याकडे वळू, कारण माझ्या मते चाक निवडायचं ते आपण रविवारी कुठल्या बाजूला निघतो यावरून.

इंदूरहून हातोद, देपालपूरकडे गेलात तर माळव्याचं पठार ताटासारखं सपाट. कालव्याकाठचे मुरमाचे रस्ते, सोयाबीन-गव्हाच्या शेतांमधल्या गाडीवाटा, मध्येच यशवंत सागरच्या फुगवट्याजवळ गुलावटचं कमळांचं पाणी. इथे ७००सी गुणिले ४० घेतलेला माणूस सुखी असतो. मोठं चाक लहान खड्ड्यात कमी उतरतं, एकदा वेग धरला की धरून ठेवतं. मी दोन्ही चाकांनी हा फेरा पुष्कळदा केला आहे. ६५०बीवर हळू गेल्यासारखं वाटतं, पण घड्याळात फरक नगण्य दिसतो. तो वाटण्याचा फरक मात्र तीन तासांच्या फेऱ्यात जाणवत राहतो.

दक्षिणेला सिमरोल, चोरल, कालाकुंडकडे उतरलात की गोष्टच बदलते. पठार तिथे संपतं आणि विंध्याची कड निमाडाकडे खाली जाते. वाट काळ्या पाषाणाची. जुने धोंडे गोल झालेले असतात, त्यांचं काही नाही. पण रस्तादुरुस्तीसाठी टाकलेली ताजी गिट्टी कुठे पसरली असेल तर तिच्या कडा सुरीसारख्या. एकदा ४० च्या टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा घेऊन मी तिथून उतरत होतो. मागून रिमचा 'ठण्ण' आवाज आला, पाठोपाठ फुस्स. टायर काढून पाहिला तर तळाला काहीच नाही, बाजूच्या भिंतीला करंगळीच्या नखाएवढी चीर. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावी २००६ पासून चालत आलेल्या अनबाउंड शर्यतीत, २०० मैलांच्या त्या चकमकीच्या दगडांवर, लोक याच चिरेला सगळ्यात जास्त घाबरतात. म्हणून घाटाकडे नेहमी जाणार असाल तर टायरच्या वजनाचे पन्नास-साठ ग्रॅम वाचवू नका, जाड भिंतीचा घ्या. हे दोन्ही मापांना लागू.

याच उतारावर ४७ चा टायर काय करतो? त्यात ४० च्या मानाने जवळजवळ तीस टक्के जास्त हवा मावते. म्हणजे दाब कमी ठेवता येतो. माझं वजन ७८ किलो. ४० च्या ट्यूबलेसमध्ये, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, मी पुढे ३२, मागे ३५ ठेवतो. ४७ मध्ये पुढे २६, मागे २९. हे आकडे तसेच उचलू नका, साठ किलोच्या माणसाला चार-पाच कमी लागतील. पण घाटात मनगटांना जो फरक कळतो तो या सहा पीएसआयचा आहे, रिमच्या व्यासाचा नाही. आणि ७००सीवर ४५ चढवलात तर त्यातला बराचसा तसाही मिळतो. ६५०बीच्या कौतुकातला निम्मा भाग खरं तर जाड टायरचं कौतुक आहे.

६५०बीचे दोन तोटे सहसा कोणी सांगत नाही. चाक २४ मिमीने लहान म्हणजे पेडलची धुरी जमिनीपासून १२ मिमी खाली येते. वळणात पेडल मारत राहिलात तर दगडाला ठोकर बसते. मला दोनदा बसली, दुसऱ्यांदा क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) तुटली. दुसरं, गिअर साधारण साडेतीन टक्के हलका होतो; ३४ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळची चकती) ३३ ची झाल्यासारखी. चोरलचा चढ चढताना हे वरदान, हातोदच्या सपाटीवर मागून वारा असताना मात्र पाय उगाच भिरभिरतात.

काळी माती

हा भाग भाचीला मी दोनदा सांगितला, कारण इथे कुठलंच चाक कामाला येत नाही.

जुलैत, सरी पडून गेल्यावर, मुरमाचा रस्ता संपून गाडीवाट सुरू होते तिथे थांबा आणि आधी पायाने चाचपा. माती बुटाला चिकटून वर आली तर परत फिरा. मी एकदा फिरलो नाही. पहिल्या पाच मीटरांत टायरवर मातीचा थर बसला, पुढच्या पाचांत त्या थराने गवत उचललं, मग चिमट्याखालची फट भरली आणि वीस मीटर व्हायच्या आत पुढचं चाक फिरायचंच बंद झालं. सायकल उचलायला गेलो तर दुप्पट जड. बांधावरच्या बाभळीची काटकी तोडून अर्धा तास माती खरवडत बसलो. शेजारच्या शेतातले काका बैलजोडी घेऊन निवांत निघून गेले, जाता जाता म्हणाले, "भैया, ये गाड़ी बरसात की नहीं है." त्यांचं बरोबर होतं.

अशा मातीत टायरच्या गुठळ्या मदत करत नाहीत, उलट माती धरून ठेवतात. उपयोगी पडते ती फट. फ्रेममध्ये ४५ मावत असेल तर पावसाळ्यात ३८ किंवा ४० लावा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहू द्या. 'जेवढा मावतो तेवढा जाड' हा सल्ला माळव्यात चार महिने चुकीचा.

हीच माती एप्रिलमध्ये भेगाळते. भेग बोटभर असते, कुठे तीन-चार बोटं. चाकाच्या दिशेने धावणारी भेग आली आणि ४० चा टायर तिच्यात उतरला की हँडल आपलं राहत नाही. इथे ४७ खराच बरा, कारण अर्ध्या भेगा तो वरूनच ओलांडतो.

ट्यूब की ट्यूबलेस, आणि देपालपूरची ट्यूब

दोन्ही चाकांसाठी माझं मत एकच: ट्यूबलेस. कारण बाभूळ आणि सराटे. होळीनंतर शेताच्या कडेने दहा किलोमीटर गेलात तर टायरमध्ये किती काटे बसले ते मोजायची सोयच नाही. ट्यूबवर असताना एका फेरीत तीन पंक्चरं काढली आहेत. ट्यूबलेसवर घरी येऊन पाहतो तर टायरवर सीलंटचे (आत ओतलेल्या, भोक बुजवणाऱ्या द्रवाचे) पांढरे ठिपके वाळलेले असतात, बस. मोठं भोक पडलं तर प्लगची वात खुपसायची आणि पुढे निघायचं. आमच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, तेव्हा मार्च ते जून दर दीड महिन्याने टायर हलवून पाहा. आत खळखळ ऐकू आली नाही तर ओता.

तरी एक ट्यूब सोबत ठेवाच, आणि आपल्या मापाचीच ठेवा. मी एकदा ती घरी विसरलो आणि देपालपूरच्या बाजारात मागायला गेलो. दुकानदाराने लगेच २८ ची ट्यूब काढून दिली. २८ म्हणजे ७००सीच की, असं मला वाटलं. ती होती आपल्या जुन्या काळ्या सायकलीची, २८ गुणिले दीड, जिच्या रिमचं माप ६३५. ट्यूब ताणली जाते, तेरा मिलिमीटरचं काही अडलं नसतं. अडला तो वाल. जाड, आठ मिलिमीटरचा; माझ्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा वालचं, साडेसहाचं. दुकानदार बिचारा कानस घेऊन भोक मोठं करायला तयार होता. मी हात जोडले आणि टेम्पोत सायकल टाकून इंदूरला आलो.

याचा निवडीशी संबंध असा: तालुक्याच्या गावात आता गिअरच्या एमटीबी सायकली आल्या आहेत आणि साडेसत्तावीस, २९ च्या ट्यूबा मिळतात, पण बहुधा जाड वालच्या. नवीन चाकं बांधून घेत असाल आणि रिम जाड वालच्या भोकाची मिळत असेल तर ती घ्या. बारीक वाल त्यात दोन रुपयांच्या रबरी बुचाने बसतो, उलटं होत नाही.

आणि ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालण्याआधी आतून बोटं फिरवा, हळूच. ज्या काट्यांचा इतके दिवस पत्ता नव्हता ते सगळे तिथे टोकं वर करून बसलेले असतात.

नक्षी

यावर लोक फार वाद घालतात, मला त्यात रस कमी. मध्यभागी गुळगुळीत किंवा अगदी बारीक खवल्यांचा आणि कडेला लहान गुठळ्या असलेला टायर इंदूरच्या वर्षातल्या आठ महिन्यांना पुरतो. पॅनारेसरचा ग्रॅव्हलकिंग एसके, श्वाल्बेचा जी-वन यांसारखे. मोठ्या गुठळ्यांचा टायर चोरलच्या सुट्या दगडांवर जरा विश्वास देतो, पण तिथवर जाणारा खंडवा रोड डांबरी आहे आणि तो घरघर करत कापावा लागतो. फारच वाटलं तर पुढे गुठळ्यांचा, मागे गुळगुळीत अशी जोडी करा.

दोन्ही चाकं ठेवावीत का?

डिस्क ब्रेक असल्याने हे जमतं. रिम ब्रेकवर जमलं नसतं, पट्ट्या रिमपर्यंत पोचल्याच नसत्या. पण चाकांच्या दोन जोड्या म्हणजे दोन कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्या), चार डिस्क, आणि अदलाबदल केल्यावर ब्रेक कुठेतरी घासतोच, तो सारखा करत बसायचा. एक कॅसेट जास्त झिजली की चेन तिच्यावर उड्या मारते. मी हौशी आहे म्हणून करतो. नव्या माणसाने तोच पैसा एका चांगल्या रिमवर आणि टायरच्या दोन जोड्यांवर घालावा: पावसाळ्याला ३८, बाकी वर्षाला ४५.

साधारण साडेपाच फुटांच्या वरचा माणूस, फ्रेममध्ये ४५ मावतो, फेऱ्या बहुतेक हातोद-देपालपूर, अधूनमधून घाट: ७००सी, दुसरा विचार नको. जुनी किंवा वापरलेली फ्रेम, ७००सीवर ३८ च्या वर मावत नाही आणि तुमचं मन कालाकुंडच्या वाटेवर: ६५०बी, आणि धुरी खाली येते हे लक्षात ठेवून.

भाचीचं प्रकरण वेगळं निघालं. सगळ्यात लहान मापाच्या फ्रेममध्ये ७००सीचं चाक पेडलच्या फार जवळ येतं. दुकानात तिला बसवून हँडल वळवायला लावलं तर बुटाचं टोक पुढच्या टायरला टेकत होतं. सरळ रस्त्यावर याचा त्रास नाही, पण खडीवर सावकाश वळताना पाय अडकला की माणूस आडवा. काही कंपन्या लहान फ्रेमींना मुद्दाम ६५०बी देतात ते याचसाठी. दुकानदाराने मग ६५०बीची चाकं लावून दाखवली: बूट आणि टायर यांच्यात दोन बोटं मोकळी. तिने तीच घेतली, ४७ चे टायर, मध्ये गुळगुळीत. वजन बावन्न किलो, म्हणून पुढे २१, मागे २४ पासून सुरुवात केली आहे. पहिल्या रविवारी राळामंडळमार्गे कंपेलपर्यंत जाऊन आली आणि फोनवर पहिली तक्रार केली ती टायरची नव्हती, सीटची होती.