बलाढ्य गेम कंपनीला हरवायचंय: दुकान उघडावं की कन्सोल काढावा?

खर्चात दुकान, म्हणजे गेम ऑनलाइन विकणारी जागा, स्वस्त. सर्व्हर, पेमेंट आणि गेम मिळवण्यासाठी मोजावे लागणारे पैसे, एवढ्यावर भागतं. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, त्याला चिप, कारखाना, वॉरंटी सगळंच आलं. एक्सबॉक्स ३६० तापून बंद पडू लागला तेव्हा मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये दुरुस्तीसाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली.

डेव्हलपर ओढायला दुकानाकडे कमिशन हे हत्यार. ६० डॉलरच्या गेमवर स्टीम या पीसी गेमच्या बलाढ्य दुकानाचे ३० टक्के गेले की ४२ उरतात. त्याच्याशी टक्कर घ्यायला आलेल्या एपिकच्या दुकानाने २०१८ मध्ये १२ टक्के ठेवले, म्हणजे ५२.८० हाती. पण गिऱ्हाईक दोन्हीकडे ६०च मोजतं, मग त्याने का हलावं? त्याची जुनी लायब्ररी, मित्रयादी, मॉड्स (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) सगळं स्टीमवर. वर एपिकला शॉपिंग कार्ट द्यायलाच २०२१ उजाडलं! एपिकने वाटलेले फुकट गेम घेऊन लोक परत जुन्या दुकानात जातात, ते यामुळेच.

कन्सोलचं गणित उलटं. नवी पिढी आली की गिऱ्हाइकाला तसंही नवं यंत्र घ्यावं लागतं. जुन्या कंपनीचं कुंपण तेव्हाच सैल असतं. सोनीने १९९४ मध्ये प्लेस्टेशन काढून नेमकी ही फट साधली. निन्टेंडोच्या कार्ट्रिजपेक्षा (गेमची चिप असलेली डबी) सीडी छापायला कितीतरी स्वस्त, जागा जास्त. फायनल फँटसीसारखी मालिकाही तिकडे गेली. मात्र मागच्या यंत्रांचे गेम नव्या कन्सोलवर चालू लागले की ही फट बारीक होते.

हातात आधीच लोकप्रिय गेम असेल आणि भांडवल बेताचं असेल, तर दुकान. वर्षानुवर्षं तोटा सोसायची ताकद आणि स्वतःचे स्टुडिओ असतील, तरच कन्सोल.